एकटी पेशी ते एकसंध देह : बहुपेशीय जीवनाच्या उगमाचा आढावा

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात साधारण ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांनी रचलेले थर सापडतात, म्हणजे तेव्हापासून तरी इथे जीवसृष्टी आहे. प्राण्यांचे भरवशाचे जीवाश्म मात्र ५६-५७ कोटी वर्षांच्या पलीकडे जात नाहीत. मधला प्रचंड काळ मुख्यतः एकएकट्या पेशींचा होता. आज माणसाच्या शरीरात अंदाजे ३७ लाख कोटी पेशी असतात आणि त्या सगळ्या एकाच फलित अंड्यापासून झालेल्या असतात. यातल्या बहुतेक पेशींचा वंश आपल्याबरोबरच संपतो. पुढच्या पिढीत जातात त्या मोजक्या अंडपेशी आणि शुक्रपेशी.

स्वतः खाणारी, स्वतः तरंगणारी, स्वतः विभागून वाढणारी पेशी इतरांबरोबर राहू लागली, तिने कामे वाटून घेतली आणि अखेर स्वतःच्या वंशवाढीवर पाणी सोडले, हे कशामुळे घडले? जीवशास्त्रातल्या मोठ्या प्रश्नांपैकी हा एक. जॉन मेनार्ड स्मिथ आणि योर्स साथमारी यांनी १९९५च्या ग्रंथात उत्क्रांतीतील मोजक्या महास्थित्यंतरांत त्याची गणना केली, तेव्हा उत्तराचा बराच भाग तर्काचा होता. गेल्या पंचवीस वर्षांत खडक, जनुके आणि प्रयोगशाळा अशा तिन्ही बाजूंनी पुरावा जमला आहे. त्या सगळ्याचा आढावा घेतला की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. पेशींना एकत्र येणे फारसे अवघड गेले नाही. अवघड गेले ते एकत्र टिकणे.

एकदा नाही, अनेकदा

बहुपेशीय जीवन एकदाच अवतरले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. रिचर्ड ग्रॉसबर्ग आणि रिचर्ड स्ट्रॅथमन यांनी २००७ मध्ये सगळ्या जीवसृष्टीचा हिशेब मांडला, तेव्हा निरनिराळ्या वंशांत किमान पंचवीस वेळा हे स्वतंत्रपणे घडल्याचे दिसले. जिवाणू, शैवाले, बुरशी, अमीबासारखे जीव अशा सर्वांत पेशींचे समूह तयार झाले आहेत. मात्र निरनिराळ्या ऊती, अन्न-पाणी वाहून नेणारी व्यवस्था आणि ठरावीक क्रमाने घडणारा देह इथपर्यंत पोचलेले वंश फार थोडे : प्राणी, जमिनीवरच्या वनस्पती, तांबडी शैवाले, तपकिरी शैवाले आणि बुरशींच्या काही शाखा.

समूह होण्याचे मार्गही दोन. एका मार्गात पेशी विभागते, पण लेकी वेगळ्या होत नाहीत, आईला चिकटून राहतात. दुसऱ्या मार्गात आधी स्वतंत्र असलेल्या पेशी गरजेपुरत्या गोळा होतात. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो, कारण पहिल्या समूहातल्या सर्वांची जनुके सारखी असतात आणि दुसऱ्यात परकेही मिसळू शकतात.

कामाच्या वाटणीचे सर्वांत जुने उदाहरण नील-हरित जिवाणूंत आहे. भातखाचरात नत्रासाठी आणि गुरांना पूरक खाद्य म्हणून वाढवला जाणारा अझोला आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. त्याच्या पानांच्या पोकळीत ॲनाबिना वंशाच्या जिवाणूंचे तंतू राहतात. हवेतला नत्र बांधणारे विकर ऑक्सिजनने निकामी होते आणि प्रकाशसंश्लेषणातून तर ऑक्सिजनच बाहेर पडतो. एकाच पेशीला दोन्ही कामे एका वेळी साधत नाहीत. म्हणून तंतूतल्या काही पेशी जाड भिंतीच्या होतात, ऑक्सिजन बनवणे बंद करतात आणि शेजाऱ्यांना नत्र पुरवतात. शेजारी त्यांना साखर देतात. नत्र बांधणारी ही पेशी पुन्हा कधीच विभागत नाही. इतरांसाठी आपला वंश थांबवणे केंद्रक नसलेल्या साध्या जिवाणूंनाही जमले होते.

खडकांची साक्ष

कॅनडाच्या आर्क्टिक भागातील सॉमरसेट बेटावरून निकोलस बटरफील्ड यांनी २००० साली बँगिओमॉर्फा या शैवालाचे सविस्तर वर्णन केले. पेशींच्या ओळी, तळाशी खडकाला धरणारी पकड, वर वेगळ्या मांडणीच्या प्रजननपेशी असे सगळे त्यात स्पष्ट दिसते. आधी ते १२० कोटी वर्षांचे मानले गेले, नव्या कालमापनाने वय सुमारे १०५ कोटी ठरले. आजच्या तांबड्या शैवालांशी त्याचे साम्य इतके आहे की नात्याबद्दल फारशी शंका उरत नाही.

भारताचा वाटा याहून जुना आणि वादळी आहे. विंध्य खडकांत आपल्याला कवचधारी प्राण्यांचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचे रफत आझमी यांनी १९९८ मध्ये जाहीर केले. ते खरे असते तर विंध्य खडक केवळ ५४ कोटी वर्षांच्या आसपासचे ठरले असते. पुढे किरणोत्सारी कालमापनाने त्यांचे वय १६० कोटी वर्षांच्या घरात निघाले आणि आझमींच्या दाव्यावर संशयाचे ढग जमले. स्टेफान बेंगट्सन आणि सहकाऱ्यांनी चित्रकूटजवळ जाऊन नमुने तपासले. अवशेष अस्सल होते, खडकही तितकाच जुना होता. चुकला होता तो अवशेषांचा अर्थ. २०१७ मध्ये क्ष-किरणांच्या त्रिमितीय चित्रणाच्या आधारे या चमूने तेथील दोन बहुपेशीय जीवांचे वर्णन केले. त्यांची पेशीरचना तांबड्या शैवालांशी जवळीक दाखवते. त्यातल्या एकाला आझमींच्या सन्मानार्थ ‘रफताझ्मिया चित्रकूटेन्सिस’ असे नाव दिले गेले. ज्याचे निरीक्षण खरे आणि निष्कर्ष चुकीचा, त्याला विज्ञानाने अशी दाद द्यावी ही मला या सगळ्या इतिहासातली मोलाची घटना वाटते.

उत्तर चीनमध्येही १५६ ते १६३ कोटी वर्षांच्या खडकांत बहुपेशीय तंतू आणि हातभर नसले तरी वीतभराहून लांब पट्ट्यांसारखे अवशेष मिळाले आहेत. आफ्रिकेतील गॅबॉनमध्ये २१० कोटी वर्षांच्या खडकांतल्या आकृत्या बहुपेशीय जीवांच्याच आहेत, असे अब्देरझाक एल अल्बानी यांचा गट २०१० पासून मांडतो आहे. त्यावर मतभेद कायम आहेत.

सावधगिरी का हवी, याचा धडा भीमबेटकाने दिला. तिथल्या गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांत दुसऱ्या गटाने तो मधमाश्यांच्या कुजलेल्या पोळ्याचा डाग असल्याचे दाखवले आणि मूळ संशोधकांनी ते मान्य केले. खरा डिकिन्सोनिया मात्र प्राणीच होता, याचा भक्कम पुरावा २०१८ मध्ये रशियातील श्वेतसमुद्राकाठच्या जीवाश्मांतून मिळाला : त्या ठशांत कोलेस्टेरॉलपासून उरलेले रेणू सापडले.

एकत्र येण्याचा फायदा

पेशींनी समूहात का राहावे? सर्वांत साधे उत्तर शिकाऱ्यांचे आहे. मार्टिन बोरास आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये क्लोरेला या एकपेशीय हिरव्या शैवालाच्या संवर्धनात त्याला गिळणारा कशाभिकाधारी जीव सोडला. क्लोरेलाच्या शंभर पिढ्याही झाल्या नाहीत तोच तिचे समूह दिसू लागले आणि शेवटी आठ-आठ पेशींच्या वसाहती टिकल्या. शिकाऱ्याच्या तोंडात न मावण्याइतक्या त्या मोठ्या होत्या आणि प्रत्येक पेशीला भोवतालच्या पाण्यातून पोषण मिळावे इतक्या लहानही होत्या. २०१९ मध्ये मॅथ्यू हेरन आणि सहकाऱ्यांनी क्लॅमिडोमोनास या शैवालापुढे पॅरामेशियम सोडून पन्नास आठवडे प्रयोग चालवला. पाचपैकी दोन संवर्धनांत बहुपेशीय रूपे उपजली.

याहून गाजला तो यीस्टचा प्रयोग. पाव फुगवणारे हे नेहमीचे यीस्ट. मिनेसोटा विद्यापीठात विल्यम रॅटक्लिफ, मायकेल ट्रॅव्हिसानो आणि सहकाऱ्यांनी रोज नळी हलवून काही वेळ स्थिर ठेवली आणि तळाशी लवकर बसलेल्या पेशींनाच पुढच्या नळीत नेले. साठ दिवसांत सर्व संवर्धनांत बर्फाच्या फुलासारखे फांद्या फुटलेले समूह तयार झाले. कारण साधे होते. एसीई-२ हे जनुक बिघडले की मायलेकी पेशींमधली भिंत सुटत नाही. समूह मोठा झाला की ताणाने तुटतो आणि तुटलेला प्रत्येक तुकडा नवा समूह होतो. म्हणजे एका उत्परिवर्तनाने समूह जन्मला आणि समूहाला प्रजननाचा मार्गही मिळाला.

हा प्रयोग पुढे अटलांटात चालू राहिला. सुमारे ३००० पिढ्यांनंतर, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, ऑक्सिजनविना वाढणाऱ्या पाचही संवर्धनांत समूह सुरुवातीच्या सुमारे वीस हजार पट मोठे, नुसत्या डोळ्यांना दिसणारे झाले. पेशी लांबट झाल्या, फांद्या एकमेकींत गुंतल्या आणि ठिसूळ गोळा लाकडासारखा चिवट बनला. ऑक्सिजनवर जगणाऱ्या संवर्धनांत मात्र आकार लहानच राहिला.

ऑक्सिजनचा वाद

या शेवटच्या निकालाने एका जुन्या गृहीतकाला धक्का बसला. समुद्रात आणि हवेत ऑक्सिजन वाढला म्हणून मोठे प्राणी शक्य झाले, ही मांडणी १९५९ पासून रूढ आहे. तिच्यात तथ्य आहेच. ऑक्सिजन पाण्यातून झिरपत आतल्या पेशींपर्यंत पोचायला हवा आणि ते अंतर मिलिमीटरच्या आसपासच असते. पण ऑक्सिजन अगदी थोडा असला तर तो वरच्या थरातच संपतो, आतल्या पेशी उपाशी राहतात आणि लहान राहणेच परवडते. थोडा ऑक्सिजन मोठ्या देहाला मारकही ठरू शकतो. दुसरीकडे डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की एक सागरी स्पंज आजच्या ऑक्सिजनच्या चार टक्क्यांहूनही कमी प्रमाणात तग धरतो. त्यामुळे ‘ऑक्सिजन आला आणि प्राणी आले’ हे सरळ सूत्र आता पुरत नाही. सुमारे ६५ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वी गोठवणाऱ्या एका हिमयुगानंतर, समुद्रात जिवाणूंच्या जागी शैवाले वाढली, असे खडकांतील मेदरेणूंवरून योखेन ब्रॉक्स यांच्या गटाने २०१७ मध्ये मांडले. मोठे, पौष्टिक खाद्य उपलब्ध होणे हे कारण मला ऑक्सिजनइतकेच वजनदार वाटते.

आपले एकपेशीय भाऊबंद

प्राण्यांच्या उगमाबद्दल जीवाश्म जे सांगू शकत नाहीत ते जिवंत नातलग सांगतात. कोॲनोफ्लॅजेलेट हे पाण्यातले एकपेशीय जीव. एक लांब कशाभिका आणि तिच्या मुळाशी बारीक तंतूंची कॉलर. कशाभिका हलते, पाणी वाहते, कॉलरमध्ये जिवाणू अडकतात आणि पेशी ते खाते. स्पंजाच्या आतल्या भिंतीवर हुबेहूब अशाच पेशी असतात, हे हेन्री जेम्स-क्लार्क यांनी १८६०च्या दशकातच टिपले होते. जनुकीय तुलनेने ते नाते पक्के केले : प्राण्यांचे सर्वांत जवळचे एकपेशीय नातलग हेच.

निकोल किंग यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये यातल्या एका जातीचा जनुकसंच वाचला गेला. त्यातल्या सुमारे ९२०० जनुकांत पेशींना पेशींशी चिकटवणाऱ्या कॅडहेरिन प्रथिनांची २३ जनुके निघाली. निरोप पोचवणाऱ्या टायरोसिन कायनेज प्रथिनांचा तर मोठा साठा होता. एकट्या जीवाला ही साधने कशाला? बहुधा जिवाणू धरायला आणि परिसराचा अंदाज घ्यायला. गोगलगायीच्या शरीरात सापडलेल्या कॅप्सास्पोरा या दुसऱ्या नातलगात इंटेग्रिन आणि प्राण्यांच्या भ्रूणवाढीतले ब्रॅक्युरी जनुक आढळले. प्राणिदेह घडवणारी बरीचशी अवजारे प्राणी अस्तित्वात येण्याआधीच तयार होती.

मग प्राण्यांत नवे काय? एक उत्तर जनुकांच्या नियंत्रणात आहे. जनुकापासून दूर राहून ते केव्हा आणि कोणत्या पेशीत चालावे हे ठरवणारे डीएनएचे पट्टे प्राण्यांत भरपूर असतात, कॅप्सास्पोरात ते दिसत नाहीत. एकपेशीय जीवही आयुष्यात रूपे बदलतो : कधी पोहणारा, कधी चिकटून बसणारा, कधी कवचात दडलेला. ही रूपे एकामागून एक येतात. प्राण्याच्या देहात ती एकाच वेळी, निरनिराळ्या जागी नांदतात. काळाची वाटणी जागेच्या वाटणीत बदलली, ही कल्पना अलेक्सी झाख्वात्किन यांनी १९४९ मध्ये मांडली होती; आजचा पुरावा तिच्याकडे झुकतो.

परिसरातल्या जिवाणूंचाही यात हात असावा. साल्पिंगिका रोझेटा ही कोॲनोफ्लॅजेलेटची जात गुलाबपाकळ्यांसारखे समूह करते. ते करण्याची खूण तिला एका जिवाणूच्या मेदरेणूकडून मिळते, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. तर २०२४ मध्ये क्रोमोस्फेरा पर्किन्सी या एकपेशीय जीवाच्या विभाजनात प्राण्यांच्या भ्रूणाशी साधर्म्य असलेली अवस्था आणि दोन प्रकारच्या पेशी असल्याचे प्रसिद्ध झाले.

व्हॉल्व्हॉक्सची पायरी-पायरी

वनस्पतींच्या बाजूने सर्वांत शिकवणारे उदाहरण व्हॉल्व्हॉक्सचे. लेव्हेनहुक यांनी १७०० साली हे हिरवे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांच्या कुळात आजही सगळ्या पायऱ्या जिवंत आहेत. क्लॅमिडोमोनास एकपेशीय, गोनियममध्ये आठ ते सोळा पेशी, युडोरिनामध्ये साधारण बत्तीस. व्हॉल्व्हॉक्स कार्टेरीमध्ये पोहण्याचे काम करणाऱ्या सुमारे २००० लहान पेशी आणि फक्त प्रजनन करणाऱ्या जास्तीत जास्त सोळा मोठ्या पेशी. लहान पेशी कधीच संतती देत नाहीत. काम आटोपले की मरतात. या वाटचालीच्या बारा पायऱ्या डेव्हिड कर्क यांनी २००५ मध्ये मांडल्या.

२०१० मध्ये व्हॉल्व्हॉक्स आणि क्लॅमिडोमोनासचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले तेव्हा जनुकांची संख्या जवळजवळ सारखी निघाली. व्हॉल्व्हॉक्सच्या लहान पेशींना प्रजननापासून रोखते ते रेग-ए हे जनुक. ते बिघडले की त्या पोहणे सोडून पिल्ले घालायला लागतात. याच कुटुंबातले जनुक क्लॅमिडोमोनासमध्येही आहे. तिथे ते अंधार किंवा उपासमार असताना कामाला लागते. अडचणीच्या काळात वाढ तात्पुरती थांबवण्याची जुनी सोय पुढे कायमच्या त्यागाची यंत्रणा झाली, असे ऑरोरा नेडेल्कू आणि रिचर्ड मिशॉड यांनी मांडले आहे.

करार मोडणारे

समूह झाला की लगेच नवा धोका उभा राहतो. भिशीत पहिल्या फेरीत रक्कम उचलून पुढचे हप्ते बंद करणारा सभासद असतो, तशी पेशी समूहाचे संरक्षण घेते आणि स्वतःचे काम टाळून फक्त वाढत राहते. नैसर्गिक निवड अशा पेशीलाच झुकते माप देते. समूह टिकायचा तर तिला आवर घालायला हवा.

हा संघर्ष उघडपणे दिसतो तो डिक्टिओस्टेलियम या अमीबात. केनेथ रेपर यांनी १९३०च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनाच्या जंगलातल्या पाचोळ्यातून तो शोधला. अन्न असेपर्यंत प्रत्येक अमीबा स्वतंत्र जगतो. अन्न संपले की ते चक्रीय एएमपी या रसायनाच्या लाटा सोडतात, लाखापर्यंत पेशी गोळा होतात, त्यांचा सरपटणारा गोळा बनतो आणि शेवटी देठावर बीजाणूंची बोंडी उभी राहते. देठ झालेल्या साधारण वीस टक्के पेशी मरतात. देठात न जाता बीजाणूंतच घुसणारे फसवे वाण प्रयोगात आणि निसर्गातही सापडतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंदय्या यांनी कोणती पेशी देठ होणार आणि कोणती बीजाणू, या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले आहे.

एका पेशीपासून देह घडवण्याची पद्धत हा फसवणुकीवरचा सर्वांत परिणामकारक उपाय ठरला. फलित अंड्यापासून झालेल्या सर्व पेशींची जनुके सारखी असतात. यकृताच्या पेशीने स्वतःचा वंश सोडला तरी तिच्या जनुकांच्या प्रती अंडपेशींतून पुढे जातात. विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलेले नात्याचे गणित इथे पूर्ण जुळते. गोळा होऊन बनणाऱ्या समूहांतून मोठे, गुंतागुंतीचे देह का निघाले नाहीत, याचेही कारण हेच.

तरी देहाच्या आयुष्यात उत्परिवर्तने होत राहतात आणि काही पेशी पुन्हा फक्त स्वतःसाठी वाढू लागतात. त्यालाच आपण कर्करोग म्हणतो. बहुपेशीयतेबरोबरच तो आला आणि त्याच्या बंदोबस्ताची साधनेही तेव्हापासूनच घडत गेली. बिघडलेल्या पेशीला मरायला लावणाऱ्या टीपी-५३ जनुकाची माणसात एक जोडी असते, हत्तीत सुमारे वीस, जरी त्या सगळ्या पूर्ण लांबीच्या नसल्या. इतका मोठा देह आणि दीर्घ आयुष्य असूनही हत्तीला कर्करोग कमी होतो, याचे हे एक स्पष्टीकरण आहे. कर्करोगाचे संशोधन आणि बहुपेशीयतेच्या उगमाचे संशोधन त्यामुळे आज एकमेकांना आधार देत आहेत.

काय ठरले, काय उरले

काही मुद्दे आता वादापलीकडे गेले आहेत. पेशींचे समूह अनेकदा, स्वतंत्रपणे आणि थोड्या जनुकीय बदलांनी होतात. प्रयोगशाळेत ते काही आठवड्यांत घडवता येतात. लागणारी जनुके बरीचशी जुनी असतात. टिकाऊ देहासाठी कामाची वाटणी, प्रजननावरचा ताबा आणि फसव्यांचा बंदोबस्त ही तिन्ही हवीत.

उरलेले प्रश्नही मोठे आहेत. प्राणिकुळातली सर्वांत जुनी फांदी स्पंजांची की कंगवाधारी जेलींची, यावर २००८ पासून वाद आहे. २०२३ मध्ये गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या मांडणीने जेलींच्या बाजूने कौल दिला, पण सर्वांनी तो स्वीकारलेला नाही. १६० कोटी वर्षांपूर्वी शैवालांना जे जमले त्यासाठी प्राण्यांना आणखी शंभर कोटी वर्षे का लागली, याचे पूर्ण उत्तर मिळालेले नाही. पंचवीसहून अधिक प्रयत्नांतून प्राणी एकदाच का निघाले, हेही कोडेच आहे.

आपल्या शाळांत अमीबा एका धड्यात येतो आणि हायड्रा दुसऱ्या धड्यात. मधली वाट कोणी दाखवत नाही, म्हणून विद्यार्थ्यांना उत्क्रांती ही जातींची यादी वाटते. ही वाट दाखवायला महागडी साधने लागत नाहीत. गोड्या पाण्याच्या तळ्यात व्हॉल्व्हॉक्स आणि त्याचे नातलग सापडतात, यीस्ट किराणा दुकानात मिळते आणि साधा सूक्ष्मदर्शक बहुतेक माध्यमिक शाळांत असतो. विज्ञानशिक्षकांना माझी विनंती आहे : अमीबा शिकवून झाल्यावर हायड्राकडे वळण्याआधी एक तास या प्रश्नासाठी ठेवा. विद्यार्थ्यांना तळ्यातल्या पाण्याचा थेंब पाहू द्या आणि एकट्या पेशीने इतरांबरोबर राहायचे का ठरवले असेल, ते त्यांनाच विचारा.